पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा: जेली, मॉइश्चरायझर, हार्मोनची ट्यूब की लेझर?

ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं औषधांचं दुकान आहे. सव्वीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे, त्यामुळे गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा काय मागता मागता थांबलंय हे मला आधी कळतं. पन्नाशीच्या पुढची बाई येते, बीपीच्या गोळ्या घेते, मागचा माणूस जाईपर्यंत पर्समध्ये सुटे शोधत राहते आणि मग हळूच म्हणते, "ताई, एक खाजेची क्रीम द्या ना."

ती क्रीम मी सहसा लगेच देत नाही. दोन प्रश्न विचारते. पाळी जाऊन किती वर्षं झाली? आणि त्रास नेमका कधी होतो: संबंधांच्या वेळी, दिवसभर, की लघवीला जाताना? पुढची सगळी निवड या दुसऱ्या उत्तरावर ठरते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तपासणी डॉक्टरांनीच करायची. पण त्यांच्याकडे जाण्याआधी कशात काय फरक आहे हे माहीत असलं, तर तिथल्या दहा मिनिटांत बोलायला बरं पडतं.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं. योनिमार्गाचं अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा कमी होतो, ओलावा आटतो. त्या अस्तरातल्या साखरेवर जगणारे चांगले जंतू उपाशी राहतात आणि तिथली आम्लता जाते. तरुण वयात ३.५ ते ४.५ असलेला पीएच (आम्लतेचं माप, आकडा वाढला की आम्लता कमी) ५ च्या वर सरकतो आणि नको ते जंतू घर करतात. मूत्रमार्गाचं तोंड शेजारीच असल्यामुळे त्यालाही हीच झळ लागते. म्हणूनच २०१४ साली तज्ज्ञांनी या त्रासाचं नुसतं 'योनीचा शोष' हे नाव बदलून लघवीच्या तक्रारीही त्यात धरल्या. गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. साधारण निम्म्या बायकांना तो होतो आणि त्यातल्या बऱ्याच जणी वय झालं म्हणून गप्प बसतात.

ज्यांची 'पिशवी काढलीय' त्यांनी आपल्या कागदांत बीजकोषही काढलेत का ते बघावं. काढले असतील तर हा बदल हळूहळू येत नाही, काही आठवड्यांत येऊन धडकतो. नुसती पिशवी काढली असेल तर पाळी थांबते, पण हार्मोन पुढेही काही वर्षं बनत राहतात.

जेली: त्या वेळेपुरती

त्रास फक्त संबंधांच्या वेळी होत असेल तर लुब्रिकंट, म्हणजे वंगणाची जेली, पुरतं. पाण्याच्या बेसची जेली सहज धुतली जाते, पण लवकर सुकते. सिलिकॉनच्या बेसची जास्त वेळ टिकते आणि माझ्या मते पन्नाशीनंतर तीच बरी. खोक्यावर 'वॉर्मिंग', सुगंध किंवा स्ट्रॉबेरीचं चित्र असेल तर परत ठेवा. पातळ झालेल्या अस्तराला ते झोंबतं. घटकांच्या यादीत ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल अगदी वर असतील तर तीही नको. अशा जेलीत विरघळलेले पदार्थ फार असतात आणि ती पेशींमधलं पाणी ओढून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने लुब्रिकंटमधल्या या विरघळलेल्या पदार्थांच्या मापाला (ऑस्मोलॅलिटी) १२०० ची वरची मर्यादा घातली आहे आणि ३८० च्या खाली असलेलं उत्तम म्हटलं आहे, पण हा आकडा खोक्यावर क्वचितच छापलेला असतो.

एक घोळ आमच्याच धंद्यातला. 'जेली द्या' म्हटल्यावर काही काउंटरवर लिग्नोकेनची जेली हातात पडते. ती बधिर करणारी आहे, वंगण नव्हे. दुखणं कळेनासं होतं, घासणं तसंच चालू राहतं आणि दुसऱ्या दिवशी आग दुप्पट.

आणि आपलं खोबरेल तेल. निम्म्या घरांत हाच उपाय असतो आणि मी त्याला नाक मुरडत नाही. बाहेरच्या त्वचेला ते चालतं, स्वस्त आहे, घरात आहे. पण कंडोम वापरत असाल तर नको, कारण तेलाने लॅटेक्स फाटतं. कंडोमचा विषय या वयात कशाला, असं वाटेल. पण पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर दोन वर्षं गर्भनिरोधक वापरायला सांगतात. आपल्याकडे सरासरी ४६-४७ ला पाळी जाते, म्हणजे बहुतेकींना दोन वर्षांचाच हिशोब लागू. पेट्रोलियम जेली मात्र आत लावू नका. ती वापरणाऱ्यांत जंतुसंसर्ग जास्त आढळला आहे.

मॉइश्चरायझर: संबंध असोत वा नसोत

जेली आणि मॉइश्चरायझर एकच, असं समजणाऱ्यांत शिकलेल्या बायका जास्त असतात. जेलीचं काम तासाभरात संपतं. योनीचं मॉइश्चरायझर आत चिकटून राहतं आणि दोन-तीन दिवस ओलावा धरतं, म्हणून ते आठवड्यातून दोन-तीनदा रात्री झोपताना लावायचं. चालताना घासतं, जांभळी नाक्यापर्यंत भाजीला जाऊन येईस्तोवर आग होते, सलवारची शिवणसुद्धा टोचते, अशा तक्रारींसाठी हे आहे. विधवा, एकट्या, किंवा 'आमच्यात आता तसलं काही नाही' म्हणणाऱ्या बायकांसाठीही. हायलुरोनिक अ‍ॅसिड किंवा पॉलीकार्बोफिल हे शब्द बघून घ्या. तोंडाला लावायचं मॉइश्चरायझर यात येत नाही. हे सांगावं लागतं, कारण मला तसं विचारलं गेलं आहे.

हार्मोन नाही म्हणजे उपाय कमअस्सल, असंही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ३०२ बायकांना १२ आठवडे तीन गटांत ठेवलं होतं: एका गटाला इस्ट्रोजेनची योनीत ठेवायची गोळी, एकाला मॉइश्चरायझर, एकाला औषध नसलेली खोटी गोळी आणि खोटी जेल. सगळ्यात जास्त छळणारी तक्रार तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच कमी झाली. खोटी जेलसुद्धा शेवटी ओली जेलच, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो मला पटतो. पण त्यातून एवढं नक्की निघतं की कोरडेपणा हीच मुख्य तक्रार असेल तर मॉइश्चरायझरने सुरुवात करणारी बाई वेळ वाया घालवत नाही. आठ-दहा आठवडे नेमाने लावून फरक नसेल तर पुढच्या पायरीवर जावं.

हार्मोनची ट्यूब, आणि तिच्या खोक्यातला कागद

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नौपाड्यातल्या एका काकू, वय एकसष्ट, प्रिस्क्रिप्शनवर एस्ट्रिऑलची (हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सीलबंद परत घेऊन आल्या. "ह्यात कॅन्सर लिहिलंय. हार्ट अटॅकही लिहिलाय. डॉक्टरांनी वाचलं नसेल का?" मी ट्यूब परत घेतली नाही, त्यांना स्टूल दिलं.

त्या कागदातली भीती आली कुठून? २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. त्यात पाळी गेलेल्या बायका रोज तोंडाने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची गोळी घेत होत्या आणि स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात थोडे वाढलेले दिसले. नंतर तोच इशारा सरसकट सगळ्या इस्ट्रोजेनवर चिकटवला गेला, योनीत लावायच्या क्रीमवरही. या क्रीममधून रक्तात फारच थोडं हार्मोन जातं. हजारो बायकांवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींत ती वापरणाऱ्यांमध्ये कर्करोग किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, तो ठळक चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. खोक्यातला कागद मात्र विज्ञानाच्या मागून, रमतगमत येतो.

ही क्रीम अस्तरच पुन्हा जाड करते, हा बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा मुद्दा. पद्धत साधारण अशी: पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. एस्ट्रिऑलची एका वेळची मात्रा ०.५ मिलिग्रॅम असते. अ‍ॅप्लिकेटरवर खूण असते तिथपर्यंतच भरायचं. इथेच बायका कंटाळतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडतात, किंवा पहिल्याच आठवड्यात थोडं चुणचुणलं म्हणून सोडतात. पातळ अस्तराला सुरुवातीला चुणचुणतंच, ते कमी होतं. आराम काही आठवड्यांत सुरू होतो, पूर्ण गुण यायला तीनेक महिने धरा. थांबवलं की त्रास हळूहळू परत येतो, म्हणजे ही कोर्स करून संपवायची गोष्ट नाही. अ‍ॅप्लिकेटर दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून बोटाने लावता येते. आणि संबंधांच्या आधी लगेच लावू नये. ती जेली नाही.

बाजारात कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन या दुसऱ्या प्रकारची क्रीमही आहे. तिची मात्रा वेगळी असते, म्हणून शेजारणीची 'आठवड्यातून दोनदा' आपल्या ट्यूबला लावू नका. कमी मात्रेच्या या क्रीमबरोबर पिशवी असली तरी तिचं अस्तर जपणारी प्रोजेस्टेरॉनची गोळी सहसा लागत नाही. तोंडाने घ्यायची हार्मोनची गोळी हा वेगळाच निर्णय आहे. गरम वाफा, झोप उडणं हेही जोरात असेल तर डॉक्टर तिचा विचार करतात. नुसत्या खालच्या त्रासासाठी सगळ्या अंगाला हार्मोन द्यायची गरज नसते.

ज्यांना लघवीची जळजळ परत परत होते आणि वर्षातून चार-पाच वेळा अँटिबायोटिकचा कोर्स होतो, त्यांना मी काही झालं तरी या क्रीमबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगते. १९९३ च्या एका जुन्या पण पक्क्या चाचणीत अशा ९३ बायका होत्या. एस्ट्रिऑलची क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, खोटी क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इथे मॉइश्चरायझर आणि हार्मोन बरोबरीचे नाहीत. माझ्याकडे अशा बायकांच्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्यांची चळत असते आणि त्यात या क्रीमची एकही चिठ्ठी नसते, तेव्हा मला राग येतो.

आता ज्यांचं गणित वेगळं आहे त्या. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या, परळला किंवा खारघरला टाटाच्या फॉलो-अपला जाणाऱ्या बायका आमच्याकडे लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल घ्यायला येतात. ही औषधं शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही पुसून काढतात, त्यामुळे कोरडेपणा भयंकर. त्यांनी आधी मॉइश्चरायझर आणि जेलीच वापरावी. त्याने भागलं नाही तर हार्मोनच्या क्रीमचा निर्णय कर्करोगाच्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा. विषय काढायला लाजू नये. या गोळ्यांनी काय होतं हे त्यांना ठाऊक असतं.

परदेशात डीएचईए या हार्मोनची योनीत ठेवायची वडी आणि ऑस्पेमिफीनची रोजची गोळी हेही पर्याय आहेत, अमेरिकेत अनुक्रमे २०१६ आणि २०१३ पासून. माझ्या काउंटरवर त्यांची चिठ्ठी आजवर आलेली नाही.

लेझर

घोडबंदर रोडच्या बाजूला लेझरने योनी 'पुन्हा तरुण' करण्याचे, 'रिजुव्हिनेशन'चे फलक दिसतात. साधारण तीन बैठका, प्रत्येकीला हजारोंच्या घरात पैसे. २०१८ मध्ये एफडीएने या यंत्रांबद्दल भाजणं, व्रण आणि कायमचं दुखणं होऊ शकतं असा इशारा दिला होता. २०२१ मध्ये ८५ बायकांवरच्या चाचणीत अर्ध्या जणींना खरं लेझर दिलं, बाकीच्यांना तसंच दिसणारं खोटं. वर्षानंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. एवढ्या पैशांत किती वर्षांच्या ट्यूबा येतील याचा हिशोब तुम्हीच करा.

व्यायाम, आणि कधी थांबायचं

दुखतं म्हणून अंग आखडतं, आखडतं म्हणून आणखी दुखतं. काहींचं अस्तर सुधारतं, पण ही गाठ सुटत नाही. त्यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. व्हिडिओ बघून केगल सुरू करू नये, कारण स्नायू आधीच आखडलेले असतील तर आवळण्याचा व्यायाम उलटा पडतो.

साबण, डेटॉलचं पाणी, सुगंधी इंटिमेट वॉश आत वापरणं आजच बंद करा. बाहेरून साधं पाणी पुरतं.

खाजेच्या क्रीमबद्दल परत सांगते. पाळी गेल्यावर, हार्मोन घेत नसलेल्या आणि मधुमेह नसलेल्या बाईला बुरशी तशी कमीच होते. तरीही बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असलेली क्रीम सर्रास वापरली जाते. स्टेरॉइडने दोन दिवस बरं वाटतं आणि तपासणी महिनोन्‌महिने लांबते. बाहेरची त्वचा पांढरट, चकाकणारी झाली असेल आणि रात्री खाज असह्य होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. तो बघूनच कळतो. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक ठिपका जरी रक्त दिसलं, तर कुठलीही ट्यूब न घेता आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण पिशवीचा कर्करोग नाही हे बघायलाच लागतं.

डॉक्टरांसमोर शब्द सापडत नसतील तर कागदावर लिहून न्या: पाळी कधी गेली, त्रास कधी होतो, वर्षात लघवीचे किती संसर्ग, कोणत्या गोळ्या चालू. माझ्या काउंटरवरही चिठ्ठी चालते. दुपारी दोन ते चार दुकानात कोणी नसतं. त्या नौपाड्याच्या काकू अजून त्याच वेळी येतात, बीपीच्या गोळ्यांच्या चिठ्ठीखाली आणखी एक घडी घातलेली चिठ्ठी घेऊन.