किंगपिन, बॉल जॉइंट आणि शॅकल बुश बदलल्यानंतरचे आठ महिने

गाडी म्हणजे ट्रक, सहाचाकी, सोळा टनी, पुढे-मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), पॉवर स्टेअरिंग. आजवर साडेचार लाख किलोमीटर चाललेली. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो नाहीतर कांदा भरायचा आणि वाशी मार्केटला खाली करायचा, ही आमची बारमाही फेरी. गाडी मीच चालवतो, त्यामुळे इथलं सगळं माझ्या हाताला जाणवलेलं आहे.

दुरुस्तीआधी ताशी ४५ ते ५५ च्या दरम्यान पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टेअरिंग डावीउजवीकडे हिसके मारायचं. आपण ज्याला वॉबलिंग म्हणतो तेच. वेग तिशीच्या खाली आणेपर्यंत थांबायचं नाही. पडघ्याजवळ एकदा शेजारून दुचाकीवर नवरा-बायको आणि मधे लहान पोर चाललं होतं, नेमकं तेव्हा झालं. गाडी कशीबशी सरळ धरली. पुढच्या ढाब्यावर थांबलो तरी हात कापत होते.

त्याआधी वर्षभर मी चुकीच्या जागी पैसे घातले. दोनदा बॅलन्सिंग, तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मग पुढची टायरची नवी जोडी. तीही तीन महिन्यांत आतल्या कडेनं घासली. एका गॅरेजमध्ये स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. त्यानं तर स्टेअरिंग जड झालं आणि वळणानंतर आपोआप सरळ यायचं बंद झालं. तो स्क्रू पुन्हा सैल करून घ्यावा लागला. मी मात्र रस्त्यालाच दोष देत होतो. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला, तिथल्या गुळगुळीत काँक्रीटवर पुलाच्या जोडावर चाक जरासं दचकलं आणि तीच थरथर सुरू झाली. तेव्हा पटलं, दुखणं गाडीतच आहे.

ऑगस्टमध्ये आडगावला एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी आधी कुठल्याच मशिनला हात लावला नाही. पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला, टायरखाली पहार घातली आणि चाक वर-खाली हलवलं. चाक चांगलंच हललं. मग मला म्हणाले, "भाऊ, केबिनमध्ये बसून ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर हबचं बेअरिंग ढिलं, तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन, गेली. आमची दोन्हीकडून तशीच हलत होती. ही पाच मिनिटांची तपासणी मला वर्षभर कोणी करून दाखवली नव्हती, याची हळहळ अजून जात नाही. नंतर गाडी खाली घेऊन मला स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला लावलं आणि स्वतः खाली शिरले. ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट आणि टायरॉडचा (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचा) डावा एंड जागच्या जागी खेळत होते. डावा शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) तेलानं माखलेला, पुढच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश अंडाकृती झालेले.

मग दोन्ही बाजूंच्या किंगपिन, बुश आणि थ्रस्ट बेअरिंग, टायरॉडचे दोन्ही एंड, ड्रॅग लिंक, पुढचे शॅकल पिन-बुश, दोन शॉकअप आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे नवे यू बोल्ट, एवढं बदललं. नवे बुश ठोकून वरच्या-खालच्या दोन्हींना एका रेषेत रीमर मारून भोक मापात आणलं. हे काम घाईनं केलं तर नवी किंगपिनही अडकून चालते. स्प्लिट पिन सगळ्या नव्या घातल्या. अलाइनमेंट शेवटी केलं. जॉइंट ढिले असताना चाकं मशिनवर एक कोन दाखवतात आणि चालताना दुसराच धरतात, म्हणून माझी आधीची तिन्ही अलाइनमेंट वाया गेली. दोन दिवस गाडी उभी राहिली, मजुरीसह साधारण २८ हजार लागले.

पहिला आठवडा स्टेअरिंग जड वाटलं, मग मोकळं झालं. ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला गेलो तेव्हा एका बोल्टनं जवळपास अर्धा फेरा घेतला. हे कृपा करून टाळू नका. यू बोल्ट ढिला राहिला तर पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो.

आता ३८ हजार किलोमीटर झालेत. उरलेला पावसाळा, कसारा घाट आणि भिवंडीकडचे खड्डे यातून गाडी गेली, वॉबलिंग एकदाही आलं नाही. टायर सारखे घासताहेत. खांदे दुखायचे तेही थांबलं. तक्रार एका पार्टची आहे. ड्रॅग लिंक मी स्वस्तातली घेतली होती. चौथ्या महिन्यात तिचं रबर फाटलं, आत पाणी-माती जाऊन जॉइंट पुन्हा ढिला पडला. मूळ कंपनीची बसवली तेव्हापासून ठीक आहे. ज्या जॉइंटवर सगळं स्टेअरिंग लटकलेलं असतं तिथे हजार-दीड हजार वाचवायला नको होते.

दर चार-पाच हजार किलोमीटरला मी उभं राहून ग्रीस मारून घेतो, सांध्याच्या कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. गेल्या आठवड्यात पुन्हा पहार लावून बघितली. उजवीकडे काहीच नाही, डावीकडे अगदी किंचित हालचाल आहे, ती ब्रेक दाबल्यावर थांबते. म्हणजे या खेपेला हबचं बेअरिंग. रविवारी गाडी उभी आहे, तेव्हा ते उघडतोय.