व्हर्सा, मागचा एसी आणि साबणाचा फेस (आठ महिन्यांनंतर)

मारुतीची व्हर्सा व्हॅन, 2004 चं मॉडेल, पुढे-मागे दोन्ही एसीवालं. सप्टेंबरात घेतली, आता मे चालू आहे. गाडी कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे, बच्चन बापलेकांची जाहिरातही आठवत असेल. म्हणून थेट मुद्द्यावर येतो: मागचा एसी.

ही गाडी घेतलीच त्यासाठी. आईचे गुडघे गेलेत, सरकत्या दारातून तिला चढायला जमतं, आणि दर गुरुवारी अक्कलकोट चुकवायचं नसतं. थंडीत गाडी झकास चालली. मार्चमध्ये एसी गरम हवा फेकायला लागला. गॅस भरला, पंधरा दिवसांत गेला. परत भरला, परत तेच. साडेतीन हजार अक्षरशः हवेत! दोन्ही एसींना कॉम्प्रेसर एकच असतो, मागे गळती झाली की पुढचाही बसतो, हे पैसे गेल्यावर कळलं.

स्पेअरच्या दुकानात पोरानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "काका, मॉडेल बंद झालंय." ते मलाही माहीत होतं, 2010 ला तिच्या जागी मारुतीची ईको आली तेव्हापासून. मेकॅनिक म्हणाला, मागचा एसी काढून पाइप बंद करून टाकू. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी घेतली तेच काढायचं! त्या दिवशी मी विकायला फोटोसुद्धा काढले.

मग सोलापुरात सात रस्त्याला दुसरी व्हर्सा उभी दिसली. एमएच 13, मागे चादरींचे गठ्ठे खच्चून भरलेले. वायपरखाली चिठ्ठी खोचली. रात्री फोन आला आणि मालकांचं पहिलंच वाक्य होतं, "दुकानात व्हर्सा म्हणूच नका ओ."

खरी चावी ही. इंजिनच्या आतलं सामान मारुतीच्याच जिप्सी किंगचं किंवा नंतरच्या एस्टीमचं म्हणून मागायचं, इंजिन तेच, 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह. काचा आणि दारांचं सामान ईकोचं म्हणून. माझ्या दाराचा रोलर असाच मिळाला, वीस मिनिटांत बसला. फक्त एस्टीमचे पाइप आणि माउंटिंग घेऊ नका. तिचं इंजिन आडवं, आपलं उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, सीटखाली. त्या मालकांनी एकदा पाइप घेतला होता, तो अजून घरात पडून आहे.

मागच्या एसीला मात्र उसनं नावही नाही, ईकोला तो दिलेलाच नाही. त्यांनीच मला हैदराबाद रोडला ट्रॅव्हल्सच्या बसचे एसी करणाऱ्याकडे पाठवलं. त्यानं गॅस भरायची घाई केली नाही. आधी नुसतं प्रेशर दिलं, वाटीत साबणाचा फेस केला आणि गाडीखाली झोपून ब्रशनं पाइपला लावत गेला. मागच्या चाकाजवळ पत्र्याच्या क्लॅम्पखाली एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. "बघा, इथनं जायलालंय." क्लॅम्पचं रबर झिजून पाइप पत्र्यावर घासत होता. चार इंच कापून जोड दिला, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. गॅससकट एकोणीसशे. आधीच्या दोघांनी एवढं वाकून बघितलं असतं तर?

फोटो डिलीट केले. तक्रारी आहेतच. सीटखालच्या इंजिनमुळे उन्हात मांड्या शेकतात, आणि गावात एसी लावून दहाच्या वर ॲव्हरेज नाही, ते फार टोचतं. पण गेल्या गुरुवारी वळसंगच्या पुढे, बाहेर नुसता वणवा, आणि आई मागून म्हणाली, "हे जरा कमी कर की रे."

कमी होत नाही. मागच्या ब्लोअरचा स्विच फुल्लवरच अडकलाय. तो कुठल्या गाडीचा म्हणून मागायचा, कुणाला माहीत असेल तर सांगा.