म्बेयाहून ‘थेट लिलाँग्वे’चं तिकीट कुणी दिलं तर घेऊ नका

टांझानियातून रस्त्याने मलावीला जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. तिथल्या म्बेया शहरात, नाने नाने बसस्टँडवर कुणी तुमच्या पुढ्यात ‘थेट लिलाँग्वे’ असं, म्हणजे मलावीच्या राजधानीचं, तिकीट धरलं, तर ते हातातही घेऊ नका. म्बेयाहून सुटून मलावीत जाणारी बसच नाही. थेट बस असली तर ती दार-एस-सलामहून सुटते. म्बेयाहून जायचं तर सीमेवरच्या कासुमुलुपर्यंत मिनीबस, मग पायी पूल ओलांडायचा आणि पलीकडून मलावीतल्या कारोंगा गावाला दुसरी गाडी.

आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी मोठी बहीण, दारहून म्बेयाला आलो होतो. ताई नाशिकहून सुट्टीला आली होती आणि तिला मलावी सरोवर बघायचं होतं. सकाळी स्टँडवर उतरलो तोच इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस पुढे आला. इंग्रजी उत्तम. एका मोठ्या बस कंपनीचं नाव घेतलं, आमच्या बॅगा उचलल्या आणि एका टपरीत नेऊन बसवलं. भिंतीवर बसचे फोटो, टेबलावर शिक्का, पावतीपुस्तक. माणशी ७०,००० शिलिंग. ‘सीमा संध्याकाळी सहाला बंद होते, पुढची गाडी परवा,’ हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की ताई म्हणाली, देऊन टाक आणि चल.

त्या पावतीकडे नीट बघा, कारण अशीच तुमच्याही हातात येईल. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसल्या बिलबुकातलं पान, खाली कार्बन. वर कंपनीचं नाव रबरी शिक्क्याने उमटवलेलं, फोन नंबर पेनाने लिहिलेला. गाडीचा नंबर नाही, सीट नंबर नाही. टांझानियात नोंदणी असलेला दुकानदार करखात्याच्या यंत्रातून छापील पावती देतो. लांब पल्ल्याच्या बसचं भाडंही ‘लात्रा’ हे सरकारी प्राधिकरण ठरवून देतं, मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. म्हणून यंत्राची पावती मागायची. ‘मशीन बंद आहे’ असं उत्तर आलं की उठायचं.

आम्हाला ज्या कोस्टरमध्ये, म्हणजे छोट्या बसमध्ये, बसवलं ती साधी स्थानिक गाडी होती. त्या माणसाने वाहकाच्या हातात आमचं नेहमीचं भाडं कोंबलं आणि बाकीचे पैसे खिशात घातले. हे आम्हाला वाटेतल्या तुकुयु गावाच्या पुढे कळलं. चहाचे मळे मागे पडून उतार लागला होता, उकाडा वाढत होता, आणि वाहक पावतीकडे बघून मान हलवत होता. शेजारच्या बाईंनी आमची पावती हातोहात अख्ख्या गाडीत फिरवली. दोन-तीन प्रवासी वाहकावर चिडले, एकाने त्या पेनाने लिहिलेल्या नंबरवर फोन लावला. बंद. आमच्या तिकिटाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती माणसं त्याच गाडीने सीमेपर्यंत चालली होती. परक्या दोघींसाठी ती भांडली, हे मी विसरणार नाही. त्यामुळे ‘तिकडचे लोक असेच’ असं हे वाचून कुणी म्हणू नये.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण ती खोटी पावती पुढच्या माणसासाठी खूण असते. कासुमुलुला उतरताच दुसरा एक जण थेट आमच्याकडेच आला. ‘लिलाँग्वेच्या पाहुण्या ना? बस पलीकडे थांबलीय, पासपोर्ट द्या, मी शिक्का मारून आणतो, एक्झिट फी माणशी २० डॉलर.’ आमची नावं त्याला ठाऊक होती, म्हणजे म्बेयाहून फोन आला होता. लक्षात ठेवा, देशाबाहेर पडताना शिक्क्याचे पैसे लागत नाहीत आणि पासपोर्ट खिडकीतल्या अधिकाऱ्याखेरीज कुणाच्याही हातात द्यायचा नसतो. ताईने दोन्ही पासपोर्ट छातीशी धरले आणि मोठ्या आवाजात मराठीतच सुनावलं. तो मागे सरला.

तिसऱ्याने मात्र गाठलंच. पुढच्या गाडीसाठी क्वाचा, म्हणजे मलावीचे पैसे, हवे होते. मलावीत परकीय चलनाचा मोठा तुटवडा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन केलं, डॉलर ११८० वरून १७०० वर गेला. तरीही बाहेरचा भाव बँकेच्या कितीतरी वर राहिला. दलालांचा धंदा त्या फरकावर चालतो आणि फसवणुकीला आडोसाही तिथेच मिळतो, कारण रस्त्यावर चलन बदलणं बेकायदा आहे आणि तक्रार घेऊन जायला तोंड राहत नाही. त्या पोराने भाव चांगला सांगितला, गड्डी आमच्या डोळ्यांसमोर मोजली. रबरबँड लावलेली बाजू त्याच्या मुठीत, मोकळी कडा आमच्याकडे, अंगठ्याने भराभर सरकवत. आकडा बरोबर भरला. तेवढ्यात मागून कुणीतरी ‘पोलीस!’ ओरडलं, त्याने गड्डी माझ्या हातात कोंबली, आमचे शिलिंग घेतले आणि गर्दीत शिरला. रबरबँड काढल्यावर दिसलं: मधल्या नोटा दुमडलेल्या होत्या. एकाच नोटेच्या दोन कडा वर आलेल्या, मोजताना एकीच्या दोन होतात. निम्म्याच्या आसपास पैसे गेले.

सोंगवे नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. अर्थातच बस नव्हती. एक टॅक्सीवाला मात्र आमची वाट बघत होता, आणि भाडं डॉलरमध्ये सांगत होता. म्हणजे तिकीटवाला, शिक्केवाला, नोटावाला, टॅक्सीवाला, एकाने दमवायचं आणि दुसऱ्याच्या हवाली करायचं. पैशांपेक्षा ते तुमचा दिवस खातात. दुपार कलली, पोटात काही नाही, अंधाराची धास्ती, अशा वेळी माणूस भाव करत नाही. आम्हाला वाचवलं केळी विकणाऱ्या एका बाईंनी. त्यांनी कारोंग्याच्या मिनीबसचं खरं भाडं सांगितलं आणि ती भरायला वेळ लागते, घाई करू नका, असंही बजावलं.

जाणाऱ्यांनी एवढं करावं. म्बेयातून पहाटेच निघा, म्हणजे ‘सीमा बंद होईल’ची भीती कुणी घालू शकणार नाही. मलावीचं घड्याळ टांझानियाच्या एक तास मागे आहे, तोही तुमच्या पदरात पडतो. तिकीट फक्त कासुमुलुचं, तेही गाडीत बसल्यावर वाहकाकडेच काढा. भाडं आधी सहप्रवाशांना विचारा. मलावीचा व्हिसा लागत असेल तर तो निघण्यापूर्वीच हातात असू द्या आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ते आता आयुष्यभर चालतं, ‘मुदत संपली’ म्हणून पैसे मागणाऱ्याला तेच सांगा. क्वाचा कारोंग्याला बँकेतून घ्या. तिथवरच्या मिनीबसपुरते दारमध्ये कुणा ओळखीच्याकडून मिळाले तर उत्तम. आणि लिलाँग्वे त्याच दिवशी गाठायचा हट्ट धरू नका, कारोंग्याला मुक्काम करून सकाळच्या बसने निघा.