१२० की १५०? मोठा रिफ्रॅक्टर घेण्याआधी

आरशाच्या दुर्बिणींमध्ये १५० मिलिमीटर व्यास म्हणजे नवशिक्याची दुर्बीण. भिंगाच्या दुर्बिणीत, म्हणजे रिफ्रॅक्टरमध्ये, तोच आकडा आला की ती ठेवायची कुठे, उचलायची कोणी आणि बसवायची कशावर, हे प्रश्न आधी येतात. काच चांगली की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा. दुकानाच्या पानावर मात्र सगळी चर्चा काचेची असते, म्हणून हा आढावा.

तुलना सोपी जावी म्हणून चारही दुर्बिणी स्काय-वॉचरच्याच घेतल्या आहेत. कंपनी एकच असली की फरक कशामुळे पडतो ते नीट दिसतं. ईडी म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच, फोकल लेंथ म्हणजे भिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर, आणि त्या अंतराला भिंगाच्या व्यासाने भागलं की गुणोत्तर. शेवटच्या रकान्यात एपीएस-सी (बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो त्या आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यात आकाशाचा किती तुकडा मावतो ते दिलं आहे. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्यावरून अंदाज बांधा.

| दुर्बीण | वस्तुभिंग | फोकल लेंथ | गुणोत्तर | चौकट |
|---|---|---|---|---|
| एव्होस्टार १५० | दोन भिंगं, साधी काच | १२०० मिमी | एफ/८ | १.१° × ०.७५° |
| एव्होस्टार १२० ईडी | दोन भिंगं, एक ईडी काचेचं | ९०० मिमी | एफ/७.५ | १.५° × १.०° |
| एव्होस्टार १५० ईडी | दोन भिंगं, एक ईडी काचेचं | १२०० मिमी | एफ/८ | १.१° × ०.७५° |
| एस्प्रिट १२० | तीन भिंगं, एक ईडी काचेचं | ८४० मिमी | एफ/७ | १.६° × १.०७° |

किमतीचा क्रम असा: साधी १५० सगळ्यात स्वस्त, मग १२० ईडी. १५० ईडी आणि एस्प्रिट १२० साधारण एकाच पट्ट्यात, १२० ईडीच्या दीडपटीच्या पुढे. एस्प्रिट १५० या सगळ्यांच्या वर, एस्प्रिट १२० च्या जवळपास दुप्पट. तिचा विचार करणाऱ्याला या लेखाची गरज नसावी.

रंगाचं दुखणं

काच प्रत्येक रंगाला थोडी वेगळी वाकवते. दोन भिंगांच्या साध्या जोडीने दोन रंग एका जागी आणता येतात, पण जांभळा सुटतो आणि तेजस्वी वस्तूभोवती त्याची कड उमटते. जुना ठोकताळा सांगतो की हा दोष डोळ्याला खटकू नये असं वाटत असेल, तर एफ-गुणोत्तर भिंगाच्या इंचांच्या किमान तिप्पट हवं. सहा इंची भिंगाला म्हणजे एफ/१८, नळी पावणेतीन मीटरची. एव्होस्टार १५० एफ/८ आहे, तेव्हा शुक्र, गुरू, अभिजित आणि चंद्राची कड यांच्याभोवती जांभळी झालर दिसणार हे धरूनच चाला.

तरीही मी या दुर्बिणीला नावं ठेवणार नाही. तारकागुच्छ, दीर्घिका, शौरीतला एम १३ अशा मंद वस्तूंना रंगदोषाचा त्रास जाणवतच नाही, कारण एवढ्या कमी प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. अंधाऱ्या जागी जाऊन नुसतं डोळ्याने बघायचं असेल आणि खिसा बेताचा असेल, तर दीडशे मिलिमीटर एवढ्या पैशांत दुसरीकडे भिंगात मिळत नाही. (आरशात मिळतं. २०० मिलिमीटरची डॉब्सोनियन हिच्या पावणेदोन पट प्रकाश गोळा करते. पण तुम्ही भिंगच घ्यायचं ठरवलंय असं मी धरतो.)

फोटोसाठी मात्र ही घेऊ नका. कॅमेऱ्याला जांभळा रंग डोळ्यापेक्षा जास्त दिसतो आणि प्रत्येक ठळक तारा निळसर, सुजलेला येतो. अपवाद एकच: मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि हायड्रोजन-अल्फाचा (हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा) अरुंद फिल्टर. एकाच रंगाचा प्रकाश आत आला की रंगदोष उरत नाही. पण कलर कॅमेरा आणि ड्युअल-बँड फिल्टर लावला की हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवट निळा वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतात, आणि आपण परत होतो तिथेच.

ईडी काचेने इथे खरा फरक पडतो. काच रंग किती कमी फाकवते हे अ‍ॅबे अंकावरून कळतं. नेहमीच्या बीके-७ काचेचा अंक सुमारे ६४, १२० ईडीत वापरलेल्या एफपीएल-५३ चा सुमारे ९५. डोळ्याने बघताना १२० ईडीत रंग शोधावा लागतो. फोटोत अगदी तेजस्वी ताऱ्यांभोवती पुसटशी निळी झाक येते, ती प्रोसेसिंगमध्ये जाते. तिसरं भिंग घेतलं की ही झाकही जवळपास संपते. तेवढ्यासाठी दीडपटीहून जास्त पैसे द्यायचे का, हे तुम्ही बघणारे आहात की टिपणारे, यावर ठरेल.

३० मिलिमीटरने काय मिळतं

१२० पेक्षा १५० मिलिमीटर ५६ टक्के जास्त प्रकाश घेते. ऐकायला भरपूर वाटतं, पण ताऱ्यांच्या प्रतीत मोजलं तर जेमतेम अर्धी प्रत होते. भेदनक्षमता, म्हणजे दोन तारे वेगळे दिसण्याची मर्यादा, ०.९७ विकलांवरून ०.७७ वर येते (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). कागदावर हा नफा चांगला आहे, फक्त तो वसूल करायला स्थिर हवा लागते, आणि शहरातल्या तापलेल्या स्लॅबवरून बघताना हवा बहुतेक रात्री ही मर्यादा दोन विकलांच्या खाली जाऊच देत नाही. ज्येष्ठेचा हिरवट वाटणारा जोडीदार तिच्यापासून साधारण अडीच विकलांवर आहे, तेजात मोठी तफावत. तो दिसतो की नाही हे १२० ईडी आणि १५० ईडी यांच्यापेक्षा त्या रात्रीच्या हवेवर जास्त ठरतं.

ग्रह बघणाऱ्याने मात्र १५० ईडीकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या अक्षांशावर ग्रह उंच येतात हा मोठा फायदा आहे. गुरू मिथुनेत असला, जसा २०२५-२६ च्या हिवाळ्यात, की पुण्या-मुंबईत तो जवळजवळ डोक्यावरून जातो आणि त्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत कमी थरातून येतो. अशा वेळी स्थिर क्षण सापडला तर १५० मिलिमीटरमधल्या पट्ट्यांचा तपशील १२० मध्ये दिसत नाही.

पण डोक्यावरच्या गुरूकडे सव्वा मीटरची नळी वळवली की आयपीस (डोळा लावायचं भिंग) खाली जातो, जवळजवळ गुडघ्यांशी, आणि नळीचं मागचं टोक ट्रायपॉडच्या पायाला धडकू शकतं. तीच नळी क्षितिजाकडे वळवली की आयपीस छातीपर्यंत वर येतो. लांब रिफ्रॅक्टरला उंच खांब किंवा माउंट (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारी बैठक) आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये जोडतुकडा आणि खालीवर होणारी खुर्ची लागते. हा खर्च कोणत्याही जाहिरातीत नसतो.

खरा हिशेब माउंटचा

१२० ईडीची नळी पाच किलोच्या आसपास आहे. रिंगा, कॅमेरा, गाइडस्कोप (फोटो काढताना ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारणारी छोटी दुर्बीण) धरून आठेक किलो होतात. एचईक्यू-५ या माउंटची क्षमता पावणेचौदा किलो सांगतात. फोटोसाठी त्याच्या साठ टक्क्यांच्या आत राहावं असा रिवाज आहे. म्हणजे ती जेमतेम चालते, आणि वारा नसेल तर बरी चालते. ईक्यू-६-आर या मोठ्या माउंटवर (क्षमता २० किलो) १२० ईडी निवांत बसते.

१५० ईडी आणि एस्प्रिट १२० या दोन्ही दहा किलोच्या घरातल्या. वजन सारखंच, तरी माउंटला त्या सारख्या वाटत नाहीत. एस्प्रिट आखूड आहे. १५० ईडी लांब आहे, तिचं वजन अक्षापासून दूर पसरतं आणि गच्चीवरच्या वाऱ्यात ती शिडासारखी फडफडते. किलोंचा आकडा पाहून माउंट घेणाऱ्याची इथे फसगत होते. ईक्यू-६-आर वर १५० ईडीने ग्रह बघता येतील, पण लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे तर कायमचा खांब हवा.

आणि ईक्यू-६-आर चं नुसतं डोकं सतरा किलोंहून जड आहे, त्यावर प्रतिभार, त्याखाली ट्रायपॉड. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर हा विचार पावती फाडण्याआधी करावा. वांगणीला आकाशदर्शनाला लोकलने जाणाऱ्यांनी तर १५० चं नावच काढू नये. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं. तिथे गाडीने जाणार असाल तर मागची सीट पाडून १२० ईडी सहज जाते, १५० ईडी गेली तर दुसरं सामान कमी करावं लागतं.

फोटोच काढायचे असतील तर

एस्प्रिटसोबत फील्ड फ्लॅटनर (चौकटीच्या कडेचे तारेही टोकदार ठेवणारं भिंग) येतो आणि फोकसर तीन इंची, दणकट असतो. एव्होस्टारला रिड्युसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) किंवा फ्लॅटनर वेगळा घ्यावा लागतो, आणि तिचा क्रेफर्ड (दात्यांऐवजी घर्षणावर चालणारा) फोकसर जड कॅमेऱ्याखाली सरकू लागला की तोही बदलावासा वाटतो. हे सगळं मिळवलं की किमतींतलं अंतर बरंच आटतं. म्हणून प्रामुख्याने फोटोसाठी १२० मिलिमीटर हवी असेल तर मी सरळ एस्प्रिट सुचवतो.

पण त्याआधी एक आडवा प्रश्न: फोटोसाठी १२० लागते का? देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंश पसरलेली आहे. १२० ईडीच्या दीड अंशाच्या चौकटीत ती अर्धीच मावते. तीच एस्प्रिट १०० (५५० मिमी, एफ/५.५) मध्ये जवळपास पूर्ण येते, आणि पसरट वस्तूसाठी एफ/८ ला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेळात. पावसाळा आणि ढगाळ रात्री वजा केल्यावर वेळेची किंमत कळते. ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा ९०० मिमीवर ०.८६ विकला प्रति पिक्सेल देतो, १२०० मिमीवर ०.६५. दुसऱ्या आकड्याला शोभेल असं गाइडिंग आणि अशी हवा रोज मिळत नाही. लहान दीर्घिका आणि ग्रहीय तेजोमेघ हाच तुमचा छंद असेल तरच लांब फोकल लेंथ मागा.

आपल्या हवेत

भिंगाची नळी बंद असते, आरशासारखा लेप खाऱ्या हवेत खराब होत नाही, जुळवणी सहसा करावी लागत नाही. कोकण-गोव्याच्या वाचकाला रिफ्रॅक्टर सुचवण्याचं हे माझ्या मते सर्वांत मोठं कारण. पण भिंगावर बुरशी धरते, आणि दोन भिंगांच्या मधल्या फटीत धरली तर वस्तुभिंग उघडावं लागतं, जे घरी करू नये. कॅमेऱ्याच्या ड्राय कॅबिनेटमध्ये मीटरभर नळी मावत नाही. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या घालून पेटी बंद ठेवायची आणि जेल गुलाबी झालं की तापवून परत निळं करायचं, एवढी शिस्त लागते. हिवाळ्यात दवासाठी हीटरची पट्टी लावावीच.

सूर्यनिरीक्षण आवडत असेल तर भिंगाला आणखी एक गुण: हर्शल वेज (सूर्याचा बहुतेक प्रकाश बाजूला टाकणारा प्रिझम) फक्त रिफ्रॅक्टरलाच लावता येतो आणि पांढऱ्या प्रकाशात सूर्यडागांचा त्याच्याइतका तपशील फिल्मच्या फिल्टरमधून सहसा दिसत नाही. इथे साधी १५० सुद्धा हिरव्या फिल्टरसोबत छान काम देते. मात्र एवढ्या मोठ्या भिंगातून येणारी उष्णता वेजला झेपते का, हे वेजच्या कंपनीच्या सूचनेत आधी पाहा, आणि फाइंडरवरचं (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवरचं) झाकण काढू नका.

तर गच्ची, लिफ्ट आणि थोडं फिरणं असलेल्या, बघायलाही आवडणाऱ्या आणि अधूनमधून टिपणाऱ्या बहुतेकांसाठी १२० ईडी. कायमचा खांब आणि ग्रहांचं वेड असेल तर १५० ईडी. फोटोच करायचे तर एस्प्रिट, आणि आधी १०० ची. साधी १५० फक्त डोळ्यासाठी, अंधाऱ्या गावी राहणाऱ्याला.

जुनी घेत असाल तर दिवसा टॉर्च तिरपी मारून भिंगाच्या आत जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा, आणि रात्री एखाद्या ठळक ताऱ्याचा फोकस किंचित आतबाहेर करून बघा. दोन्हीकडची वर्तुळं गोल आणि एकमेकांसारखी हवीत. त्रिकोणी दिसली तर भिंग कड्यात आवळलं गेलंय. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी ते सांगा आणि किंमत पुन्हा ठरवा.