मोठ्या रुग्णालयाची फॅमिली डॉक्टरांसाठीची हेल्पलाइन : दीड वर्षाच्या वापरानंतर

पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. शहरातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाने रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी सुरू केलेली हेल्पलाइन मी दीड वर्षापासून वापरतो आहे. तिच्याविषयी आसपासचे डॉक्टर वरचेवर विचारतात, म्हणून अनुभव एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवातीला मला शंकाच होती. रुग्णालयाचा डॉक्टरांशी संपर्क म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर डायरी आणि मिठाईचा बॉक्स घेऊन येणारा रुग्णालयाचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, उभा राहतो आणि चहा संपेपर्यंत टक्केवारीचा विषय निघतो. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे वा घेणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने निषिद्ध ठरवले आहे आणि महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘कट प्रॅक्टिस’विरोधी, म्हणजे अशा कमिशनच्या व्यवहाराविरोधी, कायद्याचा मसुदाही तयार झाला होता, तरी हा विषय निघायचा थांबलेला नाही. या हेल्पलाइनवर मात्र मार्केटिंगचा माणूस नसतो. हृदयविकाराचा रुग्ण आहे असे सांगितले की फोन थेट कार्डिऑलॉजीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे हृदयविकार विभागातल्या डॉक्टरकडे, जातो, आणि बहुतेक वेळा तो उचललाही जातो. माझ्या मते सेवेचे अर्धे मोल एवढ्यातच आहे.

एका रविवारी संध्याकाळी अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी घामाने डबडबलेल्या अवस्थेत आले. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसत होता. मी ॲस्पिरिन चघळायला दिली, ईसीजीचा फोटो पाठवला आणि जिभेखाली ठेवण्यासाठी रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी काढत होतो, तेवढ्यात पलीकडून रजिस्ट्रार म्हणाली, ‘‘सर, सॉर्बिट्रेट जरा थांबवा. आधी छातीच्या उजव्या बाजूचा ईसीजी काढता का?’’ तो काढला, तर उजवा कप्पाही बाधित असल्याचे दिसले. अशा रुग्णाला ती गोळी दिली असती तर रक्तदाब कोसळण्याचा धोका होता. हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण गर्दीच्या दवाखान्यात, नातेवाईक खांद्यावर वाकून उभे असताना, ते वेळेवर आठवेलच असे नाही. अँब्युलन्स निघेपर्यंत तिकडे कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडण्याची खोली, सज्ज ठेवली होती आणि रुग्णाला कॅज्युअल्टीत न थांबवता थेट वर नेण्यात आले.

रुग्ण घरी परतल्यावरचा अनुभव इतका चांगला नाही. डिस्चार्ज कार्ड मला ई-मेलने मिळेल असे सांगितले गेले होते; ते आले पाचव्या दिवशी. त्याआधीच त्यांच्या पत्नी औषधांची पिशवी घेऊन दवाखान्यात आल्या. पिशवीत रुग्णालयाने नव्याने दिलेली रामिप्रिल होती आणि मी रक्तदाबासाठी पूर्वीपासून देत असलेली टेल्मिसार्टनही होती, आणि चार दिवस दोन्ही नेमाने घेतल्या जात होत्या. ही दोन औषधे सहसा एकत्र देत नाहीत, कारण त्यामुळे रक्तातील पोटॅशियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. कार्डावर नव्या औषधांची यादी व्यवस्थित छापलेली होती, पण जुन्यांपैकी कोणती बंद करायची याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. तपासणीत पोटॅशियम ठीक निघाले, हे नशीब.

याविषयी हेल्पलाइनला कळवले तेव्हा ऐकून नीट घेतले, परंतु कार्डाचा नमुना बदलणे त्यांच्या हातात नाही असे उत्तर मिळाले. भरती होताना रुग्णाचा १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल पद्धतीने जोडणारा सरकारी क्रमांक, मात्र न चुकता विचारला जातो. पण उपचारांची ती नोंद माझ्यापर्यंत पोचत नाही. यात माझ्या दवाखान्याचे सॉफ्टवेअर आभाच्या व्यवस्थेला जोडलेले नाही, हा दोष माझाही आहे.

तातडीच्या सल्ल्यासाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन, डिस्चार्जनंतरच्या संपर्कासाठी दोन. हेल्पलाइनचा क्रमांक माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे आणि तो तिथेच राहील. रुग्ण पाठवताना मात्र आता मी चिठ्ठीच्या मागे चालू गोळ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहितो आणि नातेवाइकांना सांगतो, की घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी जुन्या-नव्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन आधी माझ्याकडे या.