व्हॉनचा सबवे: जागा हमखास, पण स्टेशन गाठायचं कसं?

मूळची डोंबिवलीची असल्याने गाडीत रिकामी सीट दिसली की मला आनंदाआधी संशय येतो. गाडी यार्डात तर चालली नाही ना? कॅनडात, टोरांटोला खेटून असलेल्या व्हॉनच्या सबवेत पहिले काही दिवस माझं हेच व्हायचं. सकाळचे सव्वासात, सहा डब्यांची आरपार गाडी, लाल सीटा, आणि नजर पोचेल तिथवर मोजून नऊ माणसं. डोंबिवलीत बसायला मिळावं म्हणून मी आधी उलटी कल्याणला जायचे, तेव्हा कुठे चौथी सीट नशिबात यायची, म्हणजे अर्धी मी सीटवर आणि अर्धी हवेत. इथे पर्स शेजारी ठेवली तरी कुणी ‘जरा सरका हो’ म्हणत नाही.

तर मी लिहितेय ते टोरांटोच्या लाइन 1 च्या उत्तरेकडच्या शेपटाबद्दल. (भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी: इथे सबवे म्हणजे भुयारी रेल्वे, पावसात तुंबणारा अंधेरीचा रस्ता नव्हे.) 17 डिसेंबर 2017 ला हा 8.6 किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. डाउन्सव्ह्यू पार्क, फिंच वेस्ट, यॉर्क युनिव्हर्सिटी, पायोनिअर व्हिलेज, हायवे 407 आणि शेवटी व्हॉन मेट्रोपॉलिटन सेंटर अशी सहा स्टेशनं. खर्च सुमारे 3.2 अब्ज डॉलर. टोरांटो शहराची हद्द स्टील्स अ‍ॅव्हेन्यूला संपते आणि पायोनिअर व्हिलेज स्टेशन बरोबर त्या हद्दीवर बसलंय. त्यापुढची दोन स्टेशनं शहराबाहेर, म्हणजे आमच्या गावात. आम्ही 2018 मध्ये व्हॉनमधल्या मेपलला घर घेतलं ते या सबवेच्या भरवशावर. एजंटने ‘सबवे दहा मिनिटांवर’ असं सांगितलं होतं. गाडीने दहा मिनिटं, हे विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही.

गाडीबद्दल माझी तक्रार शून्य. माझं ऑफिस टोरांटोच्या मध्यभागी, सेंट अँड्र्यू स्टेशनपाशी. व्हॉनहून साधारण पाऊण तास, तोही बसून, हिवाळ्यात उबेत. सगळ्यात आवडीचा टप्पा विल्सनच्या पुढचा. तिथे गाडी जमिनीवरून, अ‍ॅलन रोडच्या मधोमध धावते. दोन्ही बाजूंना मोटारींच्या रांगा खोळंबलेल्या असतात, आणि आपण त्यांच्या मधून निघून जातो. हा रस्ता खरं तर पार शहराच्या पोटात जाणार होता. घरं आणि गल्ल्या पाडायला लोकांनी विरोध केला, म्हणून 1971 मध्ये ओंटारियो प्रांताच्या सरकारने तो अर्ध्यात थांबवला. रेल्वे मात्र 1978 मध्ये त्याच वाटेने आली. म्हणून इथली काही स्टेशनं हायवेच्या मधल्या पट्टीत बसलीत, चहूकडून फक्त इंजिनांचा आवाज. विरळ वस्तीकडे रेल्वे नेण्याचा प्रयोग टोरांटोने व्हॉनच्या कितीतरी आधी करून पाहिलाय.

सेंट क्लेअर वेस्ट येईपर्यंत डब्यात उभी माणसं दिसायला लागतात. दुकानाच्या गणवेशातली एक बाई रोज तिथे माझ्यासमोर दांडी धरून उभी राहते. आमची तोंडओळख झालीय. मी एकदा उठून तिला जागा देऊ केली, तर हसून म्हणाली, तीनच स्टेशनं आहेत. त्या दिवशी मला जरा टोचलं, कारण बांधकामाच्या खर्चात यॉर्क रीजनने (व्हॉन ज्यात येतं तो विभाग) वाटा उचलला असला तरी ही लाइन रोज चालवण्याचा भार टीटीसी या टोरांटोच्या वाहतूक संस्थेवर आहे, म्हणजे तिकिटं काढणारे प्रवासी आणि टोरांटोचे करदाते यांच्यावर. मी घरपट्टी भरते व्हॉनला. माझ्या रिकाम्या डब्याचे दिवे, हीटर आणि ड्रायव्हरचा पगार यात दांडी धरून उभ्या असलेल्या त्या बाईचा वाटा माझ्यापेक्षा जास्त. डोंबिवलीच्या भाषेत, चौथी सीट तिची आणि खिडकी माझी.

आता स्टेशनपर्यंत पोचण्याची गोष्ट. मेपलमधल्या आमच्या गल्लीत तेवीस घरं आणि दर घरापुढे दोन गाड्या. रस्ते जिलबीसारखे वळलेले. समोर दिसणाऱ्या बसस्टॉपपर्यंत जायला मला सहाशे पावलं वळसा पडतो, कारण मध्ये लोकांच्या मागच्या अंगणांची कुंपणं. पहिल्या हिवाळ्यात मी नेटाने बसनेच जायचं ठरवलं. एका फेब्रुवारीच्या सकाळी मी रविवारचं वेळापत्रक पाहून निघाले, चूक सर्वस्वी माझी, आणि बस डोळ्यांदेखत गेली. पुढची अर्ध्या तासाने. उणे सतरा. मी घरी परतले, नवऱ्याला उठवलं आणि तेव्हापासून तो मला सोडायला येतो. अर्धा तास ही डोंबिवलीकराला समजणारी गोष्टच नाही. गाडी चुकली तर चार मिनिटांत दुसरी, हे आमच्या रक्तात.

त्यातून 2024 पर्यंत बसचं तिकीट वेगळं, सबवेचं वेगळं. हद्द ओलांडली की पुन्हा पैसे. 26 फेब्रुवारी 2024 पासून ओंटारियोने एकच भाडं केलं आणि बदली फुकट झाली. साडेआठ किलोमीटर भुयार आधी, आणि दोन मशीनांनी एकमेकांचं तिकीट मानणं सहा वर्षांनी! हा क्रम कुणी ठरवला ते एकदा विचारायचंय.

याचा सगळ्यात जास्त फटका बसला तो विद्यार्थ्यांना. माझा भाचा यॉर्क युनिव्हर्सिटीत होता. ब्रॅम्प्टनला तळघरात भाड्याने राहायचा. त्याची गो बस (शहरांना जोडणारी प्रांताची बस) आधी थेट कॅम्पसमध्ये शिरायची. सबवे आल्यावर 2019 पासून त्या बस हायवे 407 स्टेशनला थांबायला लागल्या. म्हणजे तिथे उतरा, खाली जा, नवं तिकीट काढा, दोन स्टेशनं जा, वर या. ‘मावशी, मेट्रो आल्यामुळे माझं कॉलेज लांब गेलं,’ असं तो म्हणायचा. तरीही या शेपटातलं सगळ्यात सार्थकी लागलेलं स्टेशन यॉर्क युनिव्हर्सिटीचंच. पन्नास हजारांवर विद्यार्थी, आणि पूर्वी डाउन्सव्ह्यूहून (तेव्हाचं शेवटचं स्टेशन, आताचं शेपर्ड वेस्ट) त्यांना नुसत्या बसने वाहून न्यावं लागायचं. तिथे सकाळी दार उघडलं की डबा निम्मा रिकामा होतो. तिथे रेल्वे न्यायला हवीच होती.

याउलट हायवे 407. सासूबाई डोंबिवलीहून आल्या होत्या तेव्हा हौसेने त्यांना सबवे दाखवायला नेलं. 407 ला गाडी थांबली. दारं उघडली, कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही, दारं मिटली. त्या म्हणाल्या, ‘अगं, इथे राहतं तरी कोण?’ परतताना आम्ही मुद्दाम उतरलो. स्टेशन देखणं आहे, वरून रंगीत काचांतून उजेड येतो, फरशी लखलखीत. बाहेर सुमारे 600 गाड्यांचं पार्किंग, बसस्थानक, टोलचा हायवे आणि जवळच दफनभूमी. आईंनी तिकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘म्हणजे कायमचे रहिवासी आहेत.’

पण सासऱ्यांचं म्हणणं वेगळं पडलं, आणि ते मला अजून खोडून काढता आलेलं नाही. ते म्हणाले, ‘ठाण्याहून कल्याणला रेल्वे गेली 1854 मध्ये. तेव्हा डोंबिवलीत काय होतं? भातखाचरं. तू आज जिला गर्दी म्हणतेस ती गाडीच्या मागून आली.’ व्हॉनचं शेवटचं स्टेशन पाहिलं की त्यांच्या बाजूने बोलावंसं वाटतं. आम्ही आलो तेव्हा तिथे मोठमोठी दुकानं आणि त्याहून मोठे पार्किंग होते. आज पन्नास-पन्नास मजली टॉवर उभे आहेत आणि लिफ्टने उतरून सबवेत शिरणारी मुलं दिसतात.

फरक एवढाच की डोंबिवलीत स्टेशनाभोवती चाळी उठल्या, मग त्यांच्यामागे बिल्डिंगा, मग त्यांच्यामागे आणखी. पायी पंधरा मिनिटांचं वर्तुळ गच्च भरलं आणि मग रिक्षांनी ते वाढवलं. इथे सबवे स्टेशनाच्या आसपास हेक्टरी किमान 200 रहिवासी आणि नोकऱ्या मिळून हव्यात असं प्रांताचं धोरण सांगतं, पण ते त्या वर्तुळापुरतं. वर्तुळ ओलांडलं की पुन्हा दोन गाड्यांचं गॅरेज आणि हिरवळ. आणि नुसते टॉवर उभे केले की गाडी भरते असंही नाही. टोरांटोचीच शेपर्ड लाइन 2002 मध्ये झाली, साडेपाच किलोमीटर, पाच स्टेशनं. भोवती टॉवरही उठले. तरी तिथे अजून चार डब्यांचीच गाडी धावते आणि लोक तिला ‘स्टबवे’, म्हणजे खुंटलेला सबवे, म्हणून चिडवतात.

माझा हिशोब साधा आहे. 8.6 किलोमीटरला 3.2 अब्ज, म्हणजे किलोमीटरला साधारण 37 कोटी डॉलर. ही लाइन स्टील्सला, पायोनिअर व्हिलेजला थांबवली असती आणि तिथून मेपल, वुडब्रिज, थॉर्नहिलला दर दहा मिनिटांनी बस सोडली असती, तर माझ्यासारख्यांचं जास्त भलं झालं असतं. उद्या कुणी शेवटची दोन स्टेशनं बंद करतो म्हणालं तर मोर्चात मी सगळ्यात पुढे असेन, तो भाग वेगळा.

गाडीला पाचपैकी पाच. यॉर्क युनिव्हर्सिटी स्टेशनला पाच. 407 ला दीड, तोही रंगीत काचांसाठी. स्टेशनपर्यंतच्या वाटेला दोन, त्यातला एक 2024 नंतरचा.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, ‘यंग लाइन रिचमंड हिलपर्यंत वाढतेय, आताच घर घेऊन ठेवू का?’ घ्या, पण स्टेशनची जागा नकाशावर पाहून नका ठरवू. फेब्रुवारीत, संध्याकाळी सहाला, तिथून त्या घरापर्यंत एकदा चालून बघा. पिशवी घेऊन.

काल परतताना पायोनिअर व्हिलेजला डबा रिकामा झाला. मी पाय पसरले, नवऱ्याला फोन लावला, ‘407 आलं, निघ.’ वर आले तर पिकअपच्या लेनमध्ये इंजिनं चालू ठेवून गाड्या उभ्या. सहज मोजल्या. एकवीस. आमची बाविसावी, सिग्नलला अडकली होती.