सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन करणारे प्रयोग-किट: इलेक्ट्रोड उत्तम, दिवा निरुपयोगी

बेळगावातील आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसाठी यंदा हे किट मागवले. खोक्यावर हायड्रोजनवर धावणारी मोटार आणि ‘फक्त ऊन आणि पाणी’ अशी ओळ छापलेली आहे; आत मात्र काचपात्र, प्लॅटिनमची तार, मायक्रोॲमीटर आणि तीन इलेक्ट्रोड यांच्यासोबत बॅटरीचा डबाही निघतो, आणि त्याचा उल्लेख खोक्यावर कुठेही नाही.

बॅटरी लागणारच होती. पाण्याच्या विघटनासाठी किमान १.२३ व्होल्ट लागतात; किटमधल्या हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, बँड गॅप, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे वरवर पुरेशी असली, तरी त्याच्या कंडक्शन बँडची (मोकळा झालेला इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जापातळीवर पोहोचतो तिची) जागा अशी आहे की तेथून निघालेला इलेक्ट्रॉन स्वबळावर हायड्रोजन तयार करू शकत नाही. ही मर्यादा जगभरच्या प्रयोगशाळांना ठाऊक आहे, त्यामुळे ती विद्यार्थ्यांपासून दडवण्याचे कारण समजत नाही. मोटारीच्या चित्राबद्दल एवढेच सांगतो की एक मिलिॲम्पिअर प्रवाह तासभर चालला, तरी अर्धा मिलिलिटरसुद्धा हायड्रोजन जमत नाही.

किटचे खरे मोल त्याच्या दोन तांबूस काचपट्ट्यांत आहे. दोन्हींवर हेमॅटाइटच आहे, पण एकीवर सपाट थर आहे, तर दुसरीवर जोंधळ्याची ताटे शेतात उभी असावीत तशा नॅनो-कांड्या वाढवून त्यांवर कोबाल्ट फॉस्फेटचा पातळ लेप दिलेला आहे. हेमॅटाइटमध्ये प्रकाश पुरता शोषला जाण्यासाठी शंभर नॅनोमीटरहून अधिक जाडी लागते, परंतु प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरणारी धनप्रभारित रिकामी जागा, म्हणजे होल, जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर सरकतो आणि पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच इलेक्ट्रॉनशी मिळून नाहीसा होतो. म्हणून सपाट थरात बहुतेक ऊर्जा वाया जाते. कांडीमध्ये प्रकाश लांबीच्या दिशेने शोषला जातो आणि होलला आडव्या दिशेने जवळच पाणी सापडते. कोबाल्ट फॉस्फेट ऑक्सिजन तयार होण्याची संथ प्रक्रिया सुकर करते, त्यामुळे बाहेरून द्यावा लागणारा व्होल्टेजही कमी होतो. व्होल्टेज तोच ठेवून पट्ट्या बदलल्या की ॲमीटरच्या काट्यातला फरक मागच्या बाकावरूनही दिसतो, आणि मूळ पदार्थ न बदलता त्याची घडण आणि वरचा लेप बदलून काय साधते हे फळ्यावर तासभर समजावण्याची गरज उरत नाही.

तिसरी पट्टी टायटॅनियम डायऑक्साइडची आहे. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली ज्या पदार्थावर प्रकाशाने पाण्याचे विघटन होते हे प्रसिद्ध केले, तोच हा. त्याचा बँड गॅप ३ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे तो जवळपास फक्त अतिनील किरणच शोषतो, आणि सूर्यप्रकाशात ते जेमतेम चार-पाच टक्के असतात. असे असताना पुरवठादाराने सोबत पांढरा एलईडी दिवा दिला आहे, ज्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच! साहजिकच त्या दिव्याखाली काटा ढिम्म राहतो आणि पट्टीच सदोष आहे असे मुलांना वाटते. गच्चीवर उन्हात नेताच तो हलतो. बेळगावच्या पावसाळ्यात उन्हाची खात्री कुणी द्यावी? त्यामुळे हा भाग दसऱ्यानंतरच्या वेळापत्रकात घालणे शहाणपणाचे.

द्रावणासाठी एक मोलर तीव्रतेचा, कातडी भाजू शकणारा कॉस्टिक सोडा वापरायचा असूनही हातमोजे आणि चष्मे दिलेले नाहीत, हे गंभीर आहे. क्लिपा तांब्याच्या आहेत; त्यांना द्रावण लागले तर भलताच प्रवाह दिसू लागतो, म्हणून पट्टीचा वरचा भाग कोरडाच ठेवावा. माहितीपुस्तिका केवळ इंग्रजीत आहे. खानापूर-निपाणीकडून मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी आम्ही तिचे दोन पानी टिपण करून घेतले.

बी.एस्सी.च्या वर्गासाठी हे किट घ्यावे, असेच माझे मत आहे. शाळांनी मात्र कॉस्टिक सोड्यामुळे टाळावे. मागणी नोंदवताना एलईडीऐवजी अतिनील दिवा मागावा, आणि नॅनो-कांड्यांची एक जादा पट्टी घ्यावी, कारण बोट लागले की तिचा थर खरवडला जातो.